पॅरिसच्या कुत्यूर-घरातलं कोटाचं रेखाटन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगात लांब कोट, एका बाजूला कललेली टोपी, कोपरापर्यंत हातमोजे आणि चेहऱ्याच्या जागी जेमतेम तीन रेषा. असा कागद संग्रहालयाच्या संकेतस्थळावर किंवा लिलावाच्या यादीत दिसला की पुढचे प्रश्न हमखास येतात. उत्तरं मुख्यतः १९४७ ते १९६० या काळातल्या पॅरिसच्या कुत्यूर-घरांपुरती आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने उंची कपडे शिवणाऱ्या फॅशन-घरांपुरती.

या चित्राला नेमकं काय म्हणायचं?

फ्रेंचमध्ये सरसकट 'क्रोकी' म्हणतात, म्हणजे झरझर काढलेलं रेखाटन. पण या एका शब्दाखाली अगदी वेगळ्या कामाचे कागद येतात, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. म्हणून 'कुणी काढलं' हे विचारण्याआधी 'कुणासाठी काढलं' हे विचारा.

एकाच कोटाची एकाच मोसमात अनेक चित्रं निघत. पहिलं डिझायनरचं स्वतःचं टिपण : तळहाताएवढं, पेन्सिलीचं, बहुतेकदा चेहरा-पाय नसलेलं. क्रिस्तियाँ दिओरच्या घरात अशा छोट्या चित्रांना 'पतीत ग्राव्यूर' म्हणत. त्यातून निवड झाली की स्टुडिओतला चित्रकार नीट चित्र काढी. त्याला कापडाचा तुकडा टाचला, क्रमांक घातला आणि शिवणघराचं नाव लिहिलं की त्याचं कार्ड होई. संग्रह तयार झाल्यावर प्रत्येक नमुन्याचं चित्र नोंदवहीसाठी काढलं जाई. चौथा प्रकार गिऱ्हाइकासाठीचा. परगावच्या किंवा परदेशातल्या बाईंना विक्रेती टपालाने रेखाटन आणि कापडाचे दोन-तीन तुकडे पाठवी, त्यातून त्या पसंती कळवत. पाचवा कायद्यासाठीचा, म्हणजे नमुना नोंदवताना जोडलेलं चित्र किंवा छायाचित्र. सहावा मासिकाचा किंवा जाहिरातीचा. आणि सातवा चोरांचा : शो पाहून बाहेर पडल्यावर आठवणीतून काढलेला.

पाहता क्षणी प्रकार कसा ओळखायचा?

पाठीचं लहान चित्र बाजूला असेल तर कागद कामाचा आहे. मासिकाच्या चित्रकाराला पाठ दाखवायची गरज नसते, शिंप्याला असते. टाचणीची दोन बारीक भोकं, गंजाचा ठिपका, कापडाच्या तुकड्याचा फिकट चौकोन ही दुसरी खूण. बटणांची संख्या मोजता येत नसेल, खिशाचा अर्धा भाग शाईच्या फटकाऱ्यात बुडालेला असेल, तर ते छपाईसाठीचं चित्र. त्याच्या समासात छापखान्याच्या मापाच्या खुणा, निळी पेन्सिल किंवा चूक झाकणारा पांढरा ग्वाश (अपारदर्शक जलरंग) सापडतो.

गिऱ्हाइकासाठीचं चित्र नीटनेटकं आणि जरा खुशामती असतं, आणि घडीच्या खुणा बहुतेक वेळा असतातच. पाकिटात जायचं होतं ना.

सगळे डिझायनर स्वतः चित्र काढत का?

नाही. दिओरने १९३०च्या दशकात रेखाटनं विकूनच पोट भरलं होतं. पुढे तो रोबेर पिगे आणि ल्युसियाँ लेलाँ या डिझायनरांकडे कामाला होता, तेव्हा त्याचा हात सरावलेला होता. क्रिस्तोबाल बालेन्सियागा शिंपीकामातून आलेला. तो कापडापासून सुरुवात करी, कापायचा आणि शिवायचाही. त्याच्या घरातली बरीच चित्रं त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चित्रकारांच्या हातची आहेत. कोको शानेल तर थेट माणसाच्या अंगावर कापड लावून काम करी. त्यामुळे 'शानेलच्या हातचं कोटाचं रेखाटन' असं कुणी विकायला आणलं तर पाकीट खिशातच राहू द्या.

चित्रापासून कोटापर्यंत मधे काय घडतं?

कुत्यूर-घरात शिवणघरं दोन तऱ्हेची. 'फ्लू' म्हणजे झुळझुळीत कपड्यांचं आणि 'तायर' म्हणजे शिंपीकामाचं. कोट दुसऱ्याकडे जातो. तिथली मुख्य कारागीर चित्र बघून आधी मांजरपाटाचा कोट उभा करते, त्याला 'त्वाल' म्हणतात. पुतळ्यावर मांजरपाट टाचायचं, उभा धागा जमिनीला काटकोनात ठेवायचा, शिवणीच्या रेषा पेन्सिलीने ओढायच्या. मग तो त्वाल जिवंत मॉडेलच्या अंगावर पाहिला जातो, आणि चित्रात सुंदर दिसलेले निम्मे कोट इथेच गळतात. पास झालेल्या त्वालवरून खरं कापड कापतात, कच्चे टाके घालतात, ट्रायल घेतात, पुन्हा उसवतात.

कोटाच्या पुढ्यात कॅनव्हास आणि घोड्याच्या केसांचं कापड जातं. कॉलर आणि लॅपल (कॉलरखाली छातीवर उलटणारी कड) हातशिलाईच्या तिरप्या टाक्यांनी वळवतात, मग ओलसर फडक्यावरून इस्त्री. लोकर वाफेने आकसते आणि ताणली जाते. छातीची गोलाई आणि खांद्याचा बाक बराचसा या इस्त्रीने येतो. म्हणून चित्रात जिथे शिवण दिसत नाही आणि तरी कापड गोल वळलंय, तिथे चित्रकाराची चूक समजू नका. तो आकार इस्त्रीचा आहे.

कोटाची रेषा वाचायची कशी?

वरून खाली जा. आधी खांदा. मुंढ्यावर गोल शिवण दिसते का? दिसली तर बसवलेली बाही. शिवण गळ्यापासून काखेकडे तिरपी गेली तर रॅग्लन. शिवणच नाही आणि काखेखाली कापड पोळीसारखं लोंबतंय, तर अंगाबरोबर कापलेली किमोनो बाही. हा फरक दागिन्याचा नाही. किमोनो बाहीला काखेत चौकोनी तुकडा घालावा लागतो, नाही तर हात वर केला की अख्खा कोट उचलला जातो. चांगल्या कामाच्या चित्रात काखेजवळ तो तुकडा छोट्या त्रिकोणासारखा दाखवलेला असतो. बालेन्सियागा बाहीच्या बाबतीत हट्टी होता, त्याच्या कोटांची चित्रं पाहताना नजर आधी तिथे न्या.

मग कॉलर. मानेला चिकटून उभी की मागे सरकलेली? १९५०च्या दशकात मागे ढळलेली कॉलर बरीच दिसते. मानेची मागची बाजू उघडी पडते आणि मोत्यांचा सर दिसतो. लॅपल कुठे मोडते ती जागा पहिल्या बटणाच्या किंचित वर हवी. चित्रात ती बटणाच्या खाली असेल तर चित्रकाराला शिवणकाम येत नव्हतं.

कंबरेपाशी उभ्या रेषा मोजा. खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून घेरापर्यंत अखंड गेलेली रेषा म्हणजे कळीची शिवण. कंबरेच्या वर-खाली थोडी जाऊन विरलेली रेषा म्हणजे टक्स. आडवी रेषा असेल तर वरचा भाग आणि घेर वेगळे कापलेत. पाठीवर कंबरेच्या जागी आडवी पट्टी, दोन टोकांना बटणं, ही 'मार्तिंगाल', म्हणजे अर्धा पट्टा. तो कधी कापड आवळतो, कधी नुसता शोभेचा. पट्टीच्या खाली चुण्या दाखवल्या असतील तर आवळतो.

काठाला समांतर बारीक तुटक रेषा म्हणजे वरून दिसणारी शिलाई. एकच सलग जाड रेषा म्हणजे कापडाचा काठ. खिशाची दोन ओठांसारखी रेषा म्हणजे कापून बसवलेला खिसा. चारही बाजूंनी रेषा असेल तर वरून लावलेला.

बायकांच्या कोटात उजवी बाजू डावीवर येते. चित्र समोरून असेल तर वरची बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडून यायला हवी आणि तिचा काठ मधल्या रेषेच्या उजव्या हाताला दिसायला हवा. उलटं दिसलं तर दोन शक्यता : ट्रेसिंग कागद उलटा ठेवून नक्कल केली, किंवा छपाईत चित्र पालथं झालं. क्वचित मूळ डिझाइनच तसं असतं, म्हणून सहीचं अक्षर सुलट आहे ना ते आधी बघा.

कार्डावरचे फ्रेंच शब्द?

'मांतो' म्हणजे कोट. 'लेनाज' लोकरीचं कापड, 'द्रा' म्हणजे मळून घट्ट केलेलं लोकरीचं कापड, 'व्हलूर' मखमल. 'दुब्ल्यूर' अस्तर, 'कोल' कॉलर, 'माँश' बाही, 'पोश' खिसा, 'सँत्यूर' पट्टा, 'फुर्यूर' फर. 'मेत्राज' म्हणजे लागणारं कापड. 'मरीन' म्हणजे गडद निळा. 'त्रवा-कार' पाऊण लांबीचा कोट, 'सेत-युइतियेम' आठातले सात भाग लांबीचा, म्हणजे आतला पोशाख खालून थोडा दिसणार.

तीन शब्द हटकून फसवतात. 'मानकँ' म्हणजे इथे पुतळा नव्हे, तो कोट घालणारी मॉडेल. पुढे लिहिलेलं नाव तिचं असतं, गिऱ्हाइकाचं नाही. 'तायर' म्हणजे शिंपीही आणि जाकीट-स्कर्टचा जोडही. आणि 'रदँगोत' म्हणजे कंबरेत बसणारा, खाली पसरणारा कोट. हा शब्द मूळचा इंग्रजी 'रायडिंग कोट', पॅरिसला जाऊन फ्रेंच झाला.

हा कोट आहे की कोटासारखा ड्रेस?

'रोब-मांतो' नावाचा प्रकार होता : पुढून बटणं, कॉलर, पट्टा, सगळं कोटाचं, पण खरं तर ड्रेस. टोपी आणि हातमोजे दोन्हींबरोबर असत, त्यावरून काही कळत नाही. गळ्यात किंवा घेराखाली आतला कपडा डोकावतो का बघा. बाहीच्या तोंडाशी दुसरी बाही मावेल एवढी जागा आहे का? कोट आतल्या सुटावरून घालायचा, त्यामुळे छातीला अंगमापापेक्षा १२ ते १५ सेंटिमीटर सैलपणा लागतो. ड्रेस अंगाला लागून असतो. अस्तराचा वेगळा तुकडा टाचलेला असला तर कोटाची शक्यता वाढते.

आकारावरून साल ओळखता येतं का?

बऱ्यापैकी, कारण दिओर दर मोसमाला आपल्या रेषेला नाव देत असे. १२ फेब्रुवारी १९४७ला पहिला संग्रह आला : उतरते खांदे, आवळलेली कंबर, भरलेले नितंब, पोटरीपर्यंत घेर. १९५४च्या शरदात 'एच' रेषा आली आणि कंबर सैलावली. १९५५च्या वसंतात 'ए', अरुंद खांद्यांपासून खाली रुंदावत जाणारी. त्याच वर्षीच्या शरदात 'वाय', मोठी कॉलर आणि खाली निमुळती. ऑक्टोबर १९५७मध्ये दिओर वारला. पुढच्या वसंतासाठी त्याच्या जागी आलेल्या इव्ह सँ लोराँने 'त्रापेझ' आणली, त्यात कोट खांद्यावरून थेट सुटतो, कंबर नाहीच.

बालेन्सियागाची वाट वेगळी. १९४७मध्येच त्याच्या कपड्यांच्या पाठी पिंपासारख्या फुगलेल्या होत्या, १९५१मध्ये पुढून बसणारा आणि मागून सैल सूट आला, १९५७मध्ये गोणीसारखा ड्रेस. म्हणून 'सैल म्हणजे १९५७ नंतरचा' हा नियम त्याच्या कागदांना लावू नका.

मोसमाचीही गंमत आहे. वसंत-उन्हाळ्याचा संग्रह जानेवारीअखेर-फेब्रुवारीत दाखवत, शरद-हिवाळ्याचा जुलैअखेर-ऑगस्टमध्ये. म्हणजे जाड लोकरीच्या कोटाचं चित्र ऐन उन्हाळ्यात काढलेलं. कागदावर जूनची तारीख आणि अंगात फरची कॉलर, यात विसंगती काही नाही.

कागद आणि शाई काय सांगतात?

ए-४ आकार फ्रान्समध्ये रुळण्याआधी तिथला नेहमीचा कागद २१ × २७ सेंटिमीटरचा. मोठ्या चित्रांना 'रेझँ' आकार, ५० × ६५. १९५०च्या दशकाचा म्हणून दाखवलेला कागद बरोब्बर २१ × २९.७ निघाला तर कान टवकारा. तेवढ्यावर खोटा मात्र ठरवू नका.

जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे. कागदात ते साधारण १९५०पासून येऊ लागलं. '१९४७' लिहिलेला कागद दिव्यात चंद्रासारखा उजळला तर प्रश्न मिटला. न झळकणारा कागद मात्र काहीच सिद्ध करत नाही, जुने कोरे कागद बाजारात मिळतात. बॉलपेन फ्रान्समध्ये १९५०च्या अखेरीस बिकच्या स्वस्त पेनाबरोबर घरोघर पोचलं. फेल्ट टोकाच्या पेनाची रेषा असेल तर १९६०चं दशक धरा.

नकलेची खरी खूण रेषेत असते. जिवंत हाताची रेषा वळणावर जाड-बारीक होते, मधेच सुटते. गिरवलेली रेषा एकसारख्या जाडीची, थांबत-थांबत गेलेली. भिंग धरलं की थांबण्याच्या जागी शाईचे ठिपके दिसतात. कोटाच्या घेराची लांब वक्ररेषा तपासा, तिथे हात लपत नाही.

खाली 'दिओर' लिहिलंय. म्हणजे दिओरने काढलं?

बहुतेक वेळा नाही. ते घराचं नाव आहे. शिक्का, छापील मथळा किंवा सुबक अक्षरातलं नाव हे कागद कोणत्या घराचा ते सांगतं. मासिकांचे चित्रकार आपली वेगळी सही करत. रने ग्र्युओची ओळख म्हणजे 'जी' अक्षर आणि वर एक तारा. हा १९०९मध्ये रिमिनीला जन्मलेला चित्रकार दिओरच्या जाहिरातींनी घराघरांत पोचला. क्रिस्तियाँ बेरार १९४९मध्येच गेला, तेव्हा त्याची सही असलेला १९५५चा 'ए' रेषेचा कोट कुणी दाखवला तर हसून परत करा.

चित्रांची एवढी राखण का होती?

कारण चित्र हाच माल होता. परदेशी खरेदीदार शोला येण्यासाठी अनामत भरत आणि मग कोट, त्वाल किंवा कागदी नमुना विकत घेत. नुसतं चित्र बाहेर गेलं तर तोच कोट न्यू यॉर्कच्या कारखान्यात फुकटात शिवला जाई. शोमध्ये रेखाटन करायला बंदी असे, आणि डोळ्यांत साठवून बाहेर चहाच्या टेबलावर कागद भरणारे होतेच. १९४५पासून 'ओत कुत्यूर' (उंची कुत्यूर) हे नाव कायद्याने राखीव झालं. १२ मार्च १९५२च्या कायद्याने मोसमी कपड्यांच्या डिझाइनची नक्कल हा गुन्हा म्हणून स्वतंत्रपणे हाताळला गेला. नोंदणीसाठी तारीख, क्रमांक आणि पुढची-मागची बाजू स्पष्ट लागे. अशी चित्रं म्हणून कोरडी दिसतात. आमच्या मते कोट समजून घ्यायला तीच सर्वांत उपयोगी, भिंतीवर लावायला सर्वांत निरस.

चित्रावरून कोट शिवता येईल का? कापड किती?

कामाचं चित्र असेल, पाठ दिसत असेल आणि कुशल मास्टर असेल तर येईल. आधी मांजरपाटाचा कच्चा कोट करायचाच, त्यात काटकसर नको.

सरळ, पोटरीपर्यंतच्या कोटाला १४० सेंटिमीटर पन्ह्याची लोकर पावणेतीन ते सव्वातीन मीटर पुरते. चौकड्यांचं कापड असेल तर जुळवणीसाठी आणखी १० ते १५ टक्के. १९४७-४८च्या घेरदार कोटाचं गणित वेगळं. समजा कपड्यांवरून कंबर ७२ सेंटिमीटर. पूर्ण गोल घेरासाठी कंबरेची त्रिज्या ७२ भागिले ६.२८, म्हणजे साधारण ११.५. घेराची उंची ७५ आणि खालची दुमड ५ धरली तर बाहेरची त्रिज्या ९१.५. एका अर्धगोलाला कापडाची लांबी १८३ लागते, दोन अर्धगोलांना ३ मीटर ६६. वरचा भाग, बाह्या आणि कॉलर यांना पावणेदोन मीटर. एकूण साडेपाच मीटरच्या आसपास. पन्ह्यात उरलेल्या ४८ सेंटिमीटरच्या पट्टीतून खिशाची झाकणं आणि आतल्या पट्ट्या निघतात. मखमलीला हे गणित लागू नाही, कारण तिचे सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवावे लागतात.

इथे नेहमी फसतं ते असं : पूर्ण गोलात काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही उरेब, म्हणजे धाग्याला तिरका. उरेब भाग जड लोकरीत ओघळतो आणि घेर खालीवर होतो. शिवल्यावर कोट निदान दोन दिवस टांगून ठेवा, मग जमिनीपासून मोजून खालचा काठ कापा. चित्रातला घेर हवेत तरंगल्यासारखा दिसतो खरा, पण त्याला आतून आधार हवा : दुमडीत घोड्याच्या केसांची पट्टी, नितंबाशी पातळ गादी. एवढं वजन खांद्यांवर पडू नये म्हणून कंबरेला आतून जाड फीत लावून ती आधी बांधायची.

आपल्या हवेत हा कोट घालणार कुठे, ते तुमचं तुम्ही ठरवा. महाबळेश्वरची डिसेंबरची पहाट सोडली तर आमच्याकडे उत्तर नाही.

त्या ढंगात चित्र काढायचं असेल तर?

ए-३चा जाड, किंचित खरखरीत कागद, एचबी पेन्सिल, ८ नंबरचा गोल ब्रश, काळी इंडियन इंक आणि ग्वाशचे तीन रंग पुरे. ग्वाश साईसारखा दाट असावा. पातळ केला तर डाग पडतात, टूथपेस्टसारखा ठेवला तर वाळून तडकतो.

आकृती २७ सेंटिमीटर उंच धरा आणि डोकं ३ सेंटिमीटर, म्हणजे नऊ डोकी. प्रत्यक्षातला माणूस साडेसात डोक्यांचा असतो, जास्तीची लांबी बहुतेक पायात घाला, धडात नाही. कंबर वरून ९ सेंटिमीटरवर, गुडघा १८वर, कोटाचा काठ २१च्या आसपास. मानेच्या खळगीतून उभी रेषा टाका. शरीराचा भार ज्या पायावर आहे त्याची टाच या रेषेवर यायला हवी, नाही तर बाई पडते. खांदे आणि नितंब विरुद्ध दिशांना कलू द्या.

आता शरीरावर कोट 'घाला', रंगवू नका. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक हीच : कोटाची रेषा अंगाच्या रेषेवरच काढतो आणि जाड लोकर बनियनसारखी दिसते. खांदा आणि कंबर सोडून बाकी ठिकाणी अंगापासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहा. काठ गोलसर ठेवा. लोकर टोकदार दुमडत नाही, तिच्या सुरकुत्या थोड्या आणि मोठ्या असतात. 'फाईल' नावाच्या ताठ रेशमी कापडाचा कोट असेल तर उलट, घड्या कोनदार, कागदासारख्या मोडलेल्या. कोपराशी तीन सुरकुत्या पुरतात, सातव्या सुरकुतीला बाही जुनी दिसू लागते.

बटणं मधल्या रेषेवर. एकेरी कोटात बटणाचा मध्य त्या रेषेवर आणि कापडाचा काठ त्याच्या पुढे, ३ सेंटिमीटरच्या खऱ्या बटणाला साधारण सव्वादोन सेंटिमीटर. शरीर वळलं की मधली रेषाही वळते, हे विसरलं की बटणांची रांग पोटावरून घसरते.

शाईची रेषा सर्वांत शेवटी, आणि सगळीकडे नाही. सावलीच्या बाजूला जाड, उजेडाच्या बाजूला तुटक. चुकलेली रेषा दुरुस्त करू नका, नवा कागद घ्या. त्या काळचे चित्रकारही एका चित्रासाठी बरेच कागद खराब करत.

मुंबई-कोकणाच्या हवेत असा कागद जपायचा कसा?

कागदाला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०च्या वर जाते. बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका, ओल फ्रेमच्या पाठीतून शिरते. आम्लमुक्त पुठ्ठा आणि कापलेली खिडकी वापरा, काच चित्रापासून ३-४ मिलिमीटर दूर. ग्वाश काचेला चिकटला तर काच काढताना कोटाचा अर्धा खांदा सोबत येतो. पेस्टल असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक लावणं टाळा, स्थिर विजेने भुकटी उडते.

लोकरीचा तुकडा टाचलेला असेल तर खरी काळजी कसरीची. ती लोकर खाते, तिचे भाईबंद कागदावरची खळ खातात. डांबराच्या गोळ्या त्याच पेटीत टाकू नका. तुकडा काढूही नका, कारण त्याविना कागदाची निम्मी किंमत आणि बहुतेक अर्थ जातो. तुकडा आणि कागद यांच्यामध्ये स्वच्छ पॉलिएस्टर फिल्म सरकवा. गंजलेली टाचणी काढायची की नाही ते कागद-संवर्धकावर सोडा. जुनी चिकटपट्टी नखाने ओढू नका, खालचा तंतू सोलून निघतो. लॅमिनेशन हा शब्दसुद्धा उच्चारू नका.

उजेड ५० लक्सपर्यंत. वर्षातले तीन-चार महिने चित्र बाहेर, बाकी पेटीत.

हे चित्र छापता येईल का?

कागद विकत घेतला म्हणून छापण्याचा हक्क मिळत नाही. फ्रान्समध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, भारतात ६०. ग्र्युओ २००४मध्ये गेला, म्हणजे फ्रान्समध्ये २०७४च्या अखेरपर्यंत त्याच्या वारसांची परवानगी लागेल. घराचं नाव आणि चिन्ह हा ट्रेडमार्कचा निराळा मामला.

मूळ चित्रं कुठे पाहता येतात? आणि मुंबईशी काही नातं आहे का?

पॅरिसमध्ये पॅले गॅलिएरा आणि सजावटी कलांचं संग्रहालय, ३० अव्हेन्यू माँतेन्यवरची दिओर गॅलरी, अव्हेन्यू मार्सोवरचं इव्ह सँ लोराँ संग्रहालय. स्पेनमध्ये गेतारियाला बालेन्सियागाच्या गावी त्याचं संग्रहालय. लंडनला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, ज्याच्या संकेतस्थळावर बरीच रेखाटनं घरबसल्या मोठी करून पाहता येतात.

मुंबईचं नातं भरतकामाचं. संध्याकाळच्या कोटाच्या चित्रात कॉलरवर किंवा काठावर ठिपक्यांची नक्षी दिसते. त्या काळी ते काम पॅरिसच्या लसाज, रेबे अशा भरतकामघरांकडे जाई, आणि त्यांची फ्रान्समधल्या ल्युनेव्हिल गावची आकडी-सुई ही आपल्या आरीची युरोपात गेलेली बहीण. आज हे काम बऱ्याच प्रमाणात मुंबईत होतं. ३० मार्च २०२३ला दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तो मुंबईच्या चाणक्य भरतकामघराबरोबरच्या कामाच्या आधारावर.

संग्रहालयाच्या अभ्यासकक्षात मूळ कागद पाहायचा असेल तर आधी वेळ मागून घ्यावी लागते. अर्जात घराचं नाव, मोसम आणि नमुन्याचा क्रमांक लिहा, नुसतं 'दिओरचे कोट' लिहिलं तर उत्तर लांबतं. आत फक्त पेन्सिल नेता येते, पेन बाहेर ठेवावं लागतं.